काळा राजा वजिराच्या घरात

मी काळ्या राजाला वजिराच्या घरात बसवलं आणि वजिराला राजाच्या. लाकडी पटावर नव्हे, फोनवर. मग त्या फोनला विचारलं, "सांग बाबा, आमच्या पोरीनं इथं घोडा दिला तर काय होईल?" फोननं आनंदानं सांगितलं, फार छान होईल. अधिक सात, म्हणजे सात प्याद्यांइतकी सरशी. आणि मी तो आकडा जसाच्या तसा नातीच्या पदरात टाकला.

ही गोष्ट चार-पाच वर्षांपूर्वीची. तेव्हा मी साठीतली अल्लड पोरगी होते. आता बरीच पोक्त झालेय, फोनला काही विचारायच्या आधी चष्मा लावते. त्या वेळच्या त्या बाईची आठवण झाली की तिला दंडाला धरून खाली बसवावंसं वाटतं. बये, तू गिरणी चालवायचीस ना?

अंबडला आमची पिठाची गिरणी. मालक होते तोवर दोघं बघायचो, ते गेल्यावर मी एकटी. एवढ्या वर्षांत पीठ चिमटीत धरून बघितल्याशिवाय मी एकाही बाईच्या डब्याला झाकण लावलं नाही. दगडी चाकांना नुकतीच टाकी लावून धार काढलेली असो, आवाज अगदी बराबर असो, चिमूट बघायचीच. कारण गिरणीला काही कळत नाही. वरून ज्वारी टाका, ज्वारी दळते. ज्वारीत खडा टाका, खडा दळते, आणि त्याच आवाजात दळते. हे मला पाठ होतं. फक्त फोन हीसुद्धा एक गिरणीच आहे, हे त्या साठीतल्या पोरीच्या डोक्यात आलं नाही.

बुद्धिबळ मला वडिलांनी शिकवलं, केदारखेड्याला, ओसरीवर. आमचं बुद्धिबळ देशी. प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर सरकणार. राजाला तोवर शह बसलेला नसेल तर डावात एकदा त्यानं घोड्यासारखी अडीच घरं उडी मारायला हरकत नाही. आणि मांडताना राजासमोर राजा ठेवायचा नाही. पांढऱ्या राजासमोर काळा वजीर. वडील म्हणायचे, "दोघं राजे दिवसभर एकमेकाचं तोंड पाहून करतील काय?" ही मांडणी माझ्या बोटांत बसली, लाईट गेल्यावर स्वयंपाकघरात मिठाचा डबा सापडतो तशी.

लहानपणी मी फार गुणी होते असं नाही. एकदा हरायला लागले तेव्हा वडील पाणी प्यायला उठले, तेवढ्यात त्यांचा वजीर उचलून ज्वारीच्या कणगीत टाकला. कणगी रिकामी होईपर्यंत ते वजिराच्या जागी सुपारी ठेवून खेळले. सुपारीनंही मला हरवलं.

वडील घोडा सहज देऊन टाकायचे. देताना पटाकडे बघायचे नाहीत, समोरच्याकडे बघायचे. मी विचारायची, "हा घोडा खरा दिला का खोटा?" ते उलट मलाच विचारायचे, "कोणासमोर?" निवांत बसून खेळणाऱ्यासमोर तोच घोडा खोटा, घाबरटासमोर खरा. मला हे उत्तर तेव्हा टाळाटाळीचं वाटायचं. मला एक आकडा हवा होता. पुढं इतक्या वर्षांनी तो आकडा देणारं यंत्र घरात आलं आणि मी सरळ त्याच्या पाया पडले.

नात खेळते ते नव्या नियमांनी. प्यादं दोन घरं जातं, राजा-हत्तीचा किल्लेकोट असतो, राजासमोर राजा बसतो. ते सगळं मी तिच्याकडून शिकले, म्हणजे शिकले असं मला वाटत होतं. आम्ही खाटेवर पट मांडायचो. मी अडचणीत आले की माझा उजवा पाय हलायला लागतो. गिरणीच्या पट्ट्याशेजारी जन्म काढला, त्याचा ताल पायात उतरला असेल. पाय हलला की खाट हलते, खाट हलली की मोहरी डुलतात. "आज्जी, भूकंप!" म्हणून ती टाळ्या वाजवायची आणि लगेच पटावर वाकून बघायची, की आपण असं काय चांगलं केलंय.

तिला मोहरी द्यायचा फार सोस. घोडा दे, उंट दे, पण समोरच्या राजाला घराबाहेर ओढ. हे रक्तातून आलं म्हणायचं तर मी तिच्या बापाला जन्म दिला, आणि त्याला पटाकडे बघून जांभई येते. असो. ती फोनवर आपले डाव तपासायची. फोन एकेका चालीवर खुणा करत जायचा, आणि जिथं जिथं तिनं मोहरं दिलेलं असायचं तिथं लाल रंगात दोन प्रश्नचिन्हं. त्या लाल खुणा बघून पोर रडायची. एकदा तर जिंकलेल्या डावावर रडली. बाप हैराण झाला.

"हे काय लावलंय? हारली तरी रडती, जिंकली तरी रडती! आजपासून फोन बंद. फोन आज्जीकडं राहील. आज्जी बघेल, आज्जी सांगेल."

अशी मी त्या यंत्राची पुजारीण झाले. देवाला काय विचारायचं ते नात मला सांगणार, मी देवाला विचारणार, आणि देव काय म्हणाला ते तिला सांगणार. मान मोठा होता. मी फुगले होते.

जालन्याला जिल्ह्याची निवड स्पर्धा होती. पहिले दोघं राज्याला जाणार. त्याच्या आधी मुलानं मला गिरणीत येऊन गाठलं.

"आई, मी स्पष्ट सांगून राह्यलो. निवड झाली तर खेळू दे तिला, मी आडवणार न्हाई. न्हाई झाली तर बस. जूनपासून क्लास. दोन्ही व्हायचं न्हाई तिच्याच्यानं."

"तिला इचारलंस का?"

"तिलाच इचारलं. बरं म्हणली."

माझ्या नातीचं 'बरं' मला माहीत आहे. तापानं फणफणलेली असताना कसं वाटतंय म्हणून विचारलं तरी ती 'बरं' म्हणते. त्या संध्याकाळी घरी गेले तर ती पटावरची मोहरी एकेक करून फडक्यानं पुसत होती. सणाच्या आधी भांडी घासतात तशी नव्हे, पाहुण्याला निरोप देताना त्याची पिशवी भरतात तशी.

स्पर्धा शनिवार-रविवार. शुक्रवारी दिवेलागणीला तिनं मला हाक मारली. ती नेहमी ज्या पद्धतीनं डाव सुरू करते त्यात एक जागा येते. आपला घोडा पुढं घुसलेला असतो. उंट लांबून तिरपा डोळा लावून बसलेला असतो, पण त्याच्या वाटेत मधोमध समोरच्याचा घोडा उभा असतो. समोरचा राजा अजून आपल्या घरातच असतो, आणि त्याच्या शेजारी एक प्यादं असं असतं, की राजाशिवाय त्याला कोणी वाली नाही. तिथं आपला घोडा घालायचा. राजानं तो खाल्ला की वजीर बाहेर काढून शह द्यायचा आणि त्या राजाला हात धरून भर चौकात आणायचं. तिथून पुढं काय, हा प्रश्न होता.

"आज्जी, हे खरं होतं का ते त्याला इचार ना."

मी फोनवर रिकामा पट उघडला. एकेक मोहरं बोटानं ओढून आणायचं असतं. चष्मा गिरणीत राहिला होता. पांढरी मोहरी मी लाकडी पटाकडे बघून बघून बसवली, अगदी शहाण्यासारखी. काळ्यांपर्यंत आले तोवर कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या आणि सूनबाईनं आतून विचारलं, "आत्या, गॅस बारीक करता का?" मी उठले, बारीक केला, परत आले, आणि काळा राजा व काळा वजीर बोटांनी बसवले. डोळ्यांनी नाही. बोटांनी, म्हणजे केदारखेड्याच्या ओसरीवर बसवायची तसे. त्या एवढ्याशा पडद्यावर चष्म्याशिवाय राजा काय नि वजीर काय, दोघांच्या डोक्यावर काहीतरी टोकदार असतं.

मग घोडा उचलून त्या प्याद्यावर ठेवला. बाजूची पांढरी पट्टी सरसर वर चढली.

"किती?"

"सात!"

"सात?" तिनं लाकडी पटाकडे बघितलं. कपाळाला आठी पडली. "पण आज्जी, राजा घोडा खाईन की."

"खाऊ दे."

"मंग सात कसे?"

"मशीनला कळतंय ते तुला-मला कळलं असतं तर मशीन कशाला लागलं असतं?"

हे वाक्य मी म्हटलं. मी. चिमूट बघितल्याशिवाय डब्याला झाकण न लावणारीनं.

"चाली दाखव ना. राजानं खाल्ल्यावर पुढं काय करतंय ते?"

आता खरी गोष्ट अशी, की चाली बघायला कुठं दाबायचं ते मला येत नव्हतं. मला फक्त आकडा वाचता यायचा. आणि हे नातीला सांगायची मला लाज वाटत होती, पुजारणीला मंत्र येत नाही हे भक्ताला कसं सांगायचं?

"पप्पांनी काय सांगितलंय? फोनकडं बघायचं न्हाई. चल, ताटं घे."

ती उठली, ताटं घेतली. जेवताना एकदा म्हणाली, "सात म्हणजे लई असतंय, आज्जी." मी म्हटलं, "लईच."

शनिवारी तिचे डाव झाले. काही जिंकली, एक हरली, पण ती जागा एकदाही आली नाही. रविवारी शेवटचा डाव राहिला. हरली तर संपलं. बरोबरी झाली तरी दुसरा नंबर येत होता. समोर जुन्या जालन्यातला एक उंच मुलगा होता, मिशीची रेघ फुटलेला, घड्याळाचं बटण असं दाबायचा की जणू माशी मारतोय. त्यानं शनिवारी कोणाला डोकं वर काढू दिलेलं नव्हतं. मोहरी नातीकडं पांढरी आली.

आत जाताना ती माझ्याजवळ थांबली.

"आज्जी, आज ते आलं तर?"

"आलं तर दे घोडा."

"नक्की सात ना?"

"नक्की."

शाळेच्या हॉलला खिडक्या होत्या आणि खिडक्यांना गज. आम्ही सगळे आई-बाप, आजे-आज्या गजांना धरून उभे राहिलो. माझ्या डोळ्यांदेखत तो डाव त्या जागेकडे सरकायला लागला. घोडा पुढं आला. उंट बसला. समोरच्याचा घोडा वाटेत यायला एकच चाल उरली, आणि ती त्याची होती. माझ्या अंगात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तेवढ्यात पंच बाई बाहेर आल्या.

"पालकांनी गेटच्या पलीकडं जा. एक जरी खाणाखूण मला दिसली तर मी डाव बाद करीन. मंग रडत माझ्याकडं यायचं न्हाई."

गेटच्या बाहेर लिंबाखाली एक लांब बाकडं होतं. तिथं एक बाई मोसंबी सोलत बसल्या होत्या, त्यांचा मुलगा लहान गटात होता. त्यांनी मला फोडी दिल्या, मी बसले, चष्मा लावला आणि फोन काढला. कशाला काढला? तो सात परत एकदा बघायला. लग्नाचे फोटो उगीच काढून बघतो तसा.

पट उघडला. शुक्रवारची ती जागा तशीच होती. पांढरा राजा आपल्या घरात. आणि त्याच्या समोर, सरळ रेषेत, वरच्या टोकाला काळा वजीर.

मोसंबीची फोड माझ्या तोंडात तशीच राहिली.

फोन खोटं बोललाच नव्हता. राजा वजिराच्या घरात असेल तर तो घोडा त्या प्याद्यावर बसताच राजाला शह बसतो आणि कोपऱ्यातला हत्तीही त्याच्या टप्प्यात येतो. वजिरानं घोडा खाल्ला तर उंट मधला घोडा खाऊन वजिराच्याच अंगावर येतो. सात काय, मी असते तर आठ म्हटलं असतं. पण आतल्या पटावर राजा राजाच्याच घरात बसलेला होता. तो नुसता एक घर तिरका सरकणार होता आणि माझ्या नातीचा घोडा खाणार होता. तिनं शुक्रवारी तेच म्हटलं होतं. राजा घोडा खाईन की.

"आज्जी, बरं वाटत न्हाई का?" मोसंबीवाल्या बाईंनी विचारलं.

"बी लागली," मी म्हटलं.

दोघांची अदलाबदल केली, घोडा परत त्या प्याद्यावर ठेवला. पांढरी पट्टी धपकन खाली आली. उणे तीन.

उणे तीन म्हणजे घोडा फुकट. म्हणजे हरली. म्हणजे जूनपासून क्लास, आणि फडक्यात बांधलेली मोहरी माळ्यावर. आणि हे मी केलं, त्या मिशीवाल्या पोरानं नव्हे. मी गेटकडे बघितलं. पळत जाऊन गजांतून नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. ती माझ्याकडे एकदा तरी बघतेच. पण पंच बाईंनी बघितलं तर डाव बाद. आणि नाही बघितलं, तर? तर मी नातीला राज्याला पाठवणार, ते खुणा करून? या दुसऱ्या विचारापर्यंत मी जरा उशिरानंच पोचले, हेही इथं सांगून टाकते.

तेवढ्यात ती समोरच आली.

पाण्याची टाकी गेटला लागून होती. स्पर्धेतल्या एका ताईंबरोबर ती पाणी प्यायला बाहेर आली होती, म्हणजे चाल अजून समोरच्याचीच होती, म्हणजे घोडा बहुतेक अजून दिलेला नव्हता. ती आणि मी, मध्ये चार पावलं आणि गेटचे गज. माझ्या तोंडावर सगळं दिसतं. गिरणीत उधारीवाली बाई आली की मी काही बोलायच्या आधीच ती परत जायची, असं माझं तोंड. मला दुसरं काही सुचलं नाही. मी बाकड्यावर आडवी झाले आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

"अहो, तुमची नात आली की!" बाई म्हणाल्या.

पदराखालून मी म्हटलं, "मी झोपलेय म्हणून सांगा."

बाई भल्या. त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "झोपल्यात गं त्या. उठवू का?"

"राहू द्या," नातीचा आवाज आला.

पण ती लगेच गेली नाही. पदरातून मला काही दिसत नव्हतं. टाकीच्या नळाचं पाणी थेंब थेंब पडत होतं. ती तिथंच उभी आहे हे मला कळत होतं. आता हाक मारेल, मग मी उठेन, मग तोंडातून निघून जाईल. मी देवाला म्हटलं, खऱ्या देवाला, हिला आत ने. मग चपलांचा आवाज झाला आणि ती गेली.

"गेली," बाई म्हणाल्या. "भांडण झालंय का तुमचं?"

मी उठून बसले. फोन मांडीवर होता, मघापासून विचार करून करून तापला होता. बघते तर आकडा बदललेला. उणे दोन. मग उणे सव्वा. मी बघत राहिले. दूध उतू जाऊ नये म्हणून बघत उभं राहावं तशी. आकडा थांबत थांबत वर येत होता, जणू आत कोणी म्हातारं माणूस जिना चढतंय. शेवटी शून्यावर, म्हणजे बरोबरीवर आला आणि तिथंच राहिला.

एकाच घोड्याचे तीन दिवसांत तीन भाव. सात हा माझ्या गबाळेपणाचा. उणे तीन हा मशीनच्या घाईचा. आणि शून्य? हा तरी शेवटचा कशावरून? अजून थोडा वेळ थांबले तर परत उतरणार नाही कशावरून? ज्या लाल खुणा बघून पोर रडायची त्यासुद्धा अशाच घाईत दिलेल्या होत्या की काय? मी एकदाही थांबून बघितलं नव्हतं. आणि शून्य म्हणजे तरी कोणाचं शून्य? दोन्हीकडून मशीन बसलं तर शून्य. मशीनला तहान लागत नाही, सकाळचे पोहे त्याच्या पोटात डचमळत नाहीत, आणि हरलं तर त्याला जूनपासून क्लासला जावं लागत नाही. आत एक पाचवीतली पोर बसली होती, जिला तिच्या सख्ख्या आज्जीनं सांगितलं होतं, नक्की सात. सात आहेत असं समजून ती जिंकायला धावणार, आणि शून्य राखायला लागते ती सावध चाल तिला दिसणारच नाही. खोटा सात डोक्यात घेऊन खरा शून्यसुद्धा हातचा जातो, हे मला त्या बाकड्यावर कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

वडिलांचा तो प्रश्न आठवला. कोणासमोर? समोर तो मिशीवाला. तो घाबरेल का? माशा मारणारा मुलगा कशाला घाबरेल?

मोसंबीच्या साली बाईंनी कागदात गुंडाळल्या, परत उघडल्या, परत गुंडाळल्या. त्यांचा मुलगा बाहेर आला, हरून, आणि लगेच भूक लागली म्हणाला. त्या गेल्या. बाकड्यावर मी एकटी. मुलाचा फोन आला. "झालं का?" "चालू आहे." पाचेक मिनिटांनी परत. "झालं का?" "तू फोन केल्यानं लवकर होणार हाय का?" मी त्याच्यावर खेकसले. तोही माझ्याएवढाच घाबरलेला होता, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

नात बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. ना रडू, ना हसू. दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरलेला.

"काय झालं?"

"ड्रॉ."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "घोडा?"

"दिला."

"राजानं?"

"खाल्ला." मग ती जरा बोलायला लागली. "मंग मी शह दिला, तो मधी आला. परत शह, परत सरकला. त्याला लपायला जागा न्हाई आन मला मारायला मोहरं न्हाई. तेच ते, तेच ते झालं. तो लई येळ बसला, आज्जी. त्याला दुसरीकडं जायचं होतं, पण भेला. तिसऱ्यांदा तेच झालं की ड्रॉ असतो, म्हणून पंच मॅडम आल्या."

दुसरा नंबर. दारावर कागद लागला त्यावर तिचं नाव मी चष्मा काढून, पुसून, परत घालून वाचलं. मुलाला फोन केला. "झाली," म्हटलं. तो म्हणाला, "काय खायचं तिला, इचार."

अंबडची एसटी जवळजवळ रिकामी होती. नात खिडकीला बसली, हातात मोसंबी, जाता जाता त्या बाईंनी दिलेली. शहर मागं पडलं, दोन्हीकडं मोसंबीच्या बागा लागल्या. निवड झाली होती, कोणाला काही कळलं नव्हतं, गप्प बसले असते तर चाललं असतं. पण पुढच्या वेळी ती परत मला विचारणार होती, नक्की ना? आणि मी परत नक्की म्हणणार होते.

म्हणून सांगितलं. सगळं. चष्मा, कुकर, काळा राजा वजिराच्या घरात, चाली बघता येत नाहीत ते, बाकड्यावर सात पुसला गेला ते, उणे तीन, मग शून्य. ती मोसंबी सोलत ऐकत होती. "वजीर राजाच्या घरात?" एवढंच मध्ये विचारलं आणि खिडकीबाहेर बघून हसली. मला थोडा धीर आला. एवढी फजिती सांगितल्यावर एखादी तरी चांगली गोष्ट आपल्या नावावर असावी असं माणसाला वाटतंच. मी म्हटलं, "पण एक सांगते बाई, तू पाण्याला आलीस तेव्हा मला सगळं माहीत झालेलं होतं, तरी मी तोंडातून एक शब्द काढला न्हाई. तुझा डाव तूच खेळलीस. झोपेचं सोंग घेऊन पडून राह्यले."

तिनं मोसंबीची अर्धी फोड माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली,

"आज्जी, अख्खं बाकडं हालून राह्यल्तं. भूकंप दिसल्यावरच मला कळलं, सात खोटे हाईत. मंग मी आत जाऊन पहिल्यापासून मोजलं."